स्पोर्ट्स कारमध्ये पाणी शिरतंय? सिलिकॉनची नळी आधी खाली ठेवा

पहिले चार जोराचे पाऊस झाले की सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर, बीएमडब्ल्यू झेड-फोर, ऑडी टीटी किंवा फोर्ड मस्टँग घेतलेल्या माणसाला गाडीतला कुबट वास जाणवायला लागतो. सकाळी काच आतून धुरकट, मॅट उचलली की खाली ओलं. गाडी ओळखीच्या गॅरेजात जाते. तिथला पोरगा काचेच्या कडेने, दिव्यांभोवती, बीडिंगखाली (दारांच्या कडेच्या रबरी पट्टीखाली) सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी करतो आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा तिथेच. त्या नळीपर्यंत पोचण्याआधी काय काय बघायचं, ते इथे क्रमाने सांगतो. पहिल्यांदाच अशी गाडी घेतली असेल, हातात पान्हा धरता येत असेल आणि एक रविवार मोकळा असेल, तर यातलं बहुतेक काम घरच्या पार्किंगमध्ये होतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. वायपरखालच्या जाळीतून, दरवाज्याच्या काचेच्या फटीतून, कापडी छपराच्या मागच्या खोबणीतून पावसाचं पाणी गाडीच्या अंगात शिरतंच. बनवणाऱ्यांनी ते धरूनच चाललेलं असतं. म्हणून आतून पन्हळी, नळ्या आणि भोकं दिलेली असतात आणि पाणी चाकांच्या आसपास खाली सोडलं जातं. गाडी नवी असताना हे कोणाला कळतही नाही. दहा-पंधरा वर्षांनी वाट तुंबते आणि पाणी सीटखाली निघतं. तेव्हा पाणी आलं कुठून यापेक्षा ते बाहेर का गेलं नाही, हे आधी विचारा. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथेच मिळतं.

हे पाणी नक्की कुठलं?

पावसावर खापर फोडण्याआधी बाकीचे संशयित बाजूला काढा.

पहिला एसी. आपल्या दमट हवेत कूलिंग कॉइलवर वाफ जमून तिचं भरपूर पाणी होतं आणि ते एका रबरी नळीतून गाडीखाली टपकतं. एसी लावून पाम बीचवरून वाशी ते बेलापूर गेलात, गाडी उभी केली आणि दहा मिनिटांनीही खाली थेंब दिसला नाही, तर ते पाणी आत साठतंय असं समजा. नळीच्या तोंडाशी धूळ बसते, कधी कुंभारमाशी मातीचं घर करते. मग पाणी डॅशबोर्डखालून कार्पेटमध्ये उतरतं. ओळखायची खूण सोपी आहे. कोरड्या दिवशी, फक्त एसी लावून फिरल्यावर ओलं होत असेल तर पाऊस निर्दोष. ही नळी बहुतेक गाड्यांत इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून खाली निघते. ती साफ करायला गाडीखाली जावं लागलं तर स्टँड लावूनच जा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, आणि इतक्या बुटक्या गाडीखाली तर अजिबातच नाही.

दुसरा कूलंट. हीटरची कॉइल गळायला लागली की पायाशी बुळबुळीत ओल येते, वास गोडसर असतो, काचेवर तेलकट धुकं धरतं आणि ते फडक्याने पुसलं की फरफटतं. टाकीतली पातळीही हळूहळू उतरते. असं असेल तर इथून पुढचं वाचायची गरज नाही, गाडी थेट मेकॅनिककडे न्या. इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका.

तिसरा रस्त्यावरचा पूर. ठाण्यात वंदना डेपोच्या आसपास पाणी तुंबलं की शेजारून जाणारी बस जी लाट फेकते, ती या गाड्यांच्या थेट दरवाज्याच्या उंबऱ्यावर आदळते. कोणतंही बीडिंग असल्या दाबासाठी बनवलेलं नसतं, त्यामुळे एवढ्यावरून गाडी गळकी ठरवू नका. पण तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि त्या खर्चासाठी विम्यात इंजिनचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर कंपनी सहसा हात वर करते. खाडीलगतच्या भागातलं पाणी खारं असू शकतं. ते आत आलं असेल तर वाळवण्याआधी कार्पेट आणि पत्रा गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर मीठ मागे राहून गंज धरतो.

उरला तो खरा पाऊस.

ओल बोटाने शोधा

वरून कार्पेट कोरडं लागलं म्हणून फसू नका. त्याखाली दोन-तीन सेंटिमीटरचा फोम असतो आणि तो पाणी पिऊन बसतो. मॅट काढा, उंबऱ्याजवळची प्लास्टिकची पट्टी सोडवा, कार्पेटची कड उचला आणि अंगठ्याने फोम दाबा. चारही कोपरे, सीटच्या मागची जागा, डिकीतला स्टेपनीचा खड्डा किंवा बॅटरीची जागा, सगळीकडे. कुठे बुडबुडा येतो, कुठे नुसता गारवा आहे, ते कागदावर लिहून ठेवा.

सगळ्यात ओली जागा हीच गळतीची जागा, असं धरून चालू नका. पाणी वायरिंगच्या जुडग्यावरून, पत्र्याच्या घडीतून हातभर लांब सरकतं आणि मग टपकतं. गाडी कशी उभी असते हेही बघा. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांत गाडी रॅम्पवर किंवा उताराच्या पोडियमवर लागते. नाक वर असेल तर पुढच्या काचेखालचं पाणी मागे सीटच्या पाठीशी जाऊन साठतं. दोन रात्री गाडी उलट्या तोंडाने लावून बघा. ओल जागा बदलते की नाही, एवढ्याने अर्धा तपास होतो.

आता विजेचं. बुटक्या गाड्यांत जागा कमी, म्हणून महागडी युनिट तळाशी, कार्पेटच्या पातळीवर बसवलेली असतात. १९९६ ते २००४ या काळातल्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आणि अलार्मचं युनिट सीटखाली आहे. ते भिजलं की चावी ओळखायचं बंद होतं. पहिल्या झेड-फोरमध्ये, म्हणजे २००२ पासून आलेल्या ई-८५ मॉडेलमध्ये, छपराची हायड्रॉलिक मोटर छपरामागच्या खड्ड्यात आहे, नेमकी त्या बाजूचं पाणी जिथून निघून जायला हवं तिथेच. ती वाट तुंबली की मोटर बुडते. रात्री विनाकारण अलार्म वाजणं, सेंट्रल लॉक वेड्यासारखं वागणं, सीटबेल्टचा दिवा पेटून राहणं, ही सगळी कार्पेटखालच्या पाण्याची लक्षणं असू शकतात. फोम पिळून पाणी निघत असेल तर गाडी चालवून गॅरेजला नेण्याचा मोह टाळा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

तार काढण्याआधी दोन गोष्टी. बिनचौकटीच्या, म्हणजे काचेभोवती पत्र्याची चौकट नसलेल्या, दरवाज्यांच्या काचा खाली घ्या, कारण दार उघडताना काच जी थोडी खाली सरकते ती विजेवर सरकते. बॅटरी नसताना दार जोरात लावलं तर काच छपराच्या रबरावर आपटते. आणि बॉक्स्टरसारख्या गाडीत बॅटरी पुढच्या डिकीत असते, बऱ्याच वर्षांच्या मॉडेलमध्ये ती डिकी उघडतेही विजेवर. तार काढलेली असताना डिकी चुकून लावलीत, तर बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर. कुलपाच्या आकड्यात एक जाड दोरी अडकवून ठेवा.

गाळ काढा: हेच खरं काम

ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेला गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्ष ही झाडं भरपूर. तिन्ही दिसायला देखणी आणि गाडीच्या नळ्यांसाठी घातक. पिंपळाचं पान जाळीवर अडकून राहतं, दिसतं, उचलून टाकता येतं. गुलमोहराचं पान गळतं तेच सेंटिमीटरभर लांबीच्या सुट्या पर्णिकांमध्ये, आणि त्या वायपरखालच्या जाळीतून सहज आत जातात. उन्हाळ्यात सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडा पडतो, त्याच्यावर बांधकामाची धूळ बसते आणि पहिल्या सरीत सगळ्याचा काळा लगदा होतो. नवी मुंबईतले धारण तलाव आठवा. भरतीच्या वेळी शहराचं पाणी धरून ठेवायचं आणि ओहोटीला झडपेतून सोडायचं, अशी ती योजना. तलावात गाळ भरला की झडप कितीही चांगली असो, पाणी सेक्टरमध्येच तुंबणार. गाडीतही नळीच्या शेवटी बऱ्याचदा चपट्या तोंडाची रबरी झडप असते, पाणी जाऊ देणारी आणि धूळ अडवणारी. गाळ तिच्या आतल्या बाजूला साठतो.

साहित्य साधं आहे. गवत कापायच्या यंत्रातली दोन-अडीच मिलिमीटरची नायलॉनची दोरी, किंवा मच्छी मार्केटच्या आसपास जाळ्यांच्या दुकानात मिळणारी जाड तंगूस. टोक लायटरने वितळवून गोल करा, म्हणजे ते नळीला टोचणार नाही. पाण्याची बाटली, टॉर्च, जुना टूथब्रश आणि एक प्लास्टिकचा चमचा.

नळीचं वरचं तोंड शोधा. बॉक्स्टरमध्ये छप्पर अर्धवट उघडून थांबवलं की मागच्या खोबणीत दोन्ही बाजूंना एकेक तोंड दिसतं. ते पाणी मागच्या चाकांच्या पुढे निघतं. पुढच्या डिकीत बॅटरीच्या आजूबाजूची प्लास्टिकची झाकणं काढली की काचेखालच्या पन्हळीतल्या वाटा दिसतात, त्याही दोन्ही बाजूंना. कूपे, म्हणजे पक्क्या छपराच्या दोन दारी गाड्यांत वायपरखालची जाळी उचलून तिच्याखालचा कप्पा बघा. सनरूफ असेल तर त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यांत नळ्या असतात आणि त्या काचांच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात. खांबांत एअरबॅगही असू शकते, तिथे कडक तार घालायची नाही. दुमडणाऱ्या पत्र्याच्या छपराच्या गाड्या, म्हणजे मर्सिडीज एसएलके किंवा २००९ ते २०१६ मधली दुसरी झेड-फोर, यांत पन्हळी डिकीच्या कडेने फिरतात. डिकीचं बीडिंग आणि त्याच्या बाहेरची खोबण आधी तपासा.

आधी हाताने आणि चमच्याने वरचा कचरा काढा. दोरी खुपसून तो खाली ढकलू नका. मग दोरी फिरवत फिरवत, जोर न लावता आत सोडा. अडली की थोडी मागे घ्या, पुन्हा फिरवा. मध्ये मध्ये बाटलीने थोडं पाणी सोडा आणि खाली दुसऱ्याला बघायला बसवा. पाणी कुठून, किती वेळाने आणि कोणत्या रंगाचं निघतं ते त्याने सांगायचं. कोलशेतला गुलमोहराखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या एका उघड्या छपराच्या जर्मन गाडीवर आम्ही हे करत होतो. दोरी वीतभर गेली आणि थांबली. वर ओतलेलं पाणी तसंच तोंडाशी उभं. दोन-तीनदा फिरवल्यावर आतून गुळगुळ असा आवाज आला, पाण्याची पातळी एकदम खाली गेली आणि मागच्या चाकापुढे काळ्या चिखलाचा एक लोळ बाहेर पडला. त्यात पर्णिका, रबराचे तुकडे, छपराच्या कापडाचे धागे. पाच मिनिटांनी स्वच्छ पाणी यायला लागलं. त्या गाडीच्या काचेभोवती आधी सिलिकॉनचे तीन थर मारलेले होते.

कंप्रेसरच्या हवेने नळी फुंकू नका. गॅरेजात हे सर्रास करतात, झटपट होतं म्हणून. गाळ घट्ट असेल तर हवा नळीच पत्र्याच्या आतल्या सांध्यातून सोडवते. मग वरून सगळं साफ दिसतं आणि पाणी थेट केबिनमध्ये येतं. ते दुरुस्त करायला अख्खं आतलं सामान उतरवावं लागतं. रबरी झडप कापून टाकायचा सल्लाही मिळेल. माझ्या मते कापू नये. बोटाने दाबून ती साफ होते आणि कापल्यावर रस्त्यावरची धूळ उलट्या दिशेने आत यायला लागते.

नळ्या साफ झाल्या की तपास इथेच थांबवून दोन-तीन पाऊस जाऊ द्या. बऱ्याच गाड्यांचा प्रश्न इथे मिटतो.

दरवाजा आतून ओला असणारच

काचेच्या बाहेरच्या रबरावरून पाणी दरवाज्याच्या पोटात उतरतं आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. दरवाज्याच्या पॅडमागे एक प्लास्टिकची पन्नी किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. पोटातलं पाणी केबिनमध्ये येऊ न देणं हेच त्याचं काम. स्पीकर बदलताना, पॉवर विंडो दुरुस्त करताना ही पन्नी फाडली जाते आणि परत नीट कोणी चिकटवत नाही. म्युझिक सिस्टिम बदललेली गाडी घेतली असेल तर मी पहिला संशय इथेच घेतो.

आधी दरवाज्याच्या खालची भोकं टूथपिकने मोकळी करा. मग काचेवर बाहेरून सावकाश पाणी ओता. खाली भोकांतून पाणी आलं आणि आत उंबऱ्यावर काही नाही, तर दरवाजा निर्दोष. उंबऱ्याची पट्टी ओली झाली तर पॅड काढा. स्क्रू हँडलच्या खाचेत, झाकणांमागे लपलेले असतात, बाकी क्लिपा. क्लिपा तुटणारच, आधीच जास्तीच्या आणून ठेवा. पन्नी चिकटवायला ब्यूटाइल टेप लागते, ती काळी, चिकट, कधीच पूर्ण न सुकणारी पट्टी. जुना गोंद पेट्रोलच्या बोळ्याने पुसायची सवय सोडा, प्लास्टिक खराब होतं आणि बंद पार्किंगमध्ये ते धोक्याचंही आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. पन्नीची खालची कड दरवाज्याच्या पोटात वळलेली राहिली पाहिजे, म्हणजे थेंब आत पोटातच पडतो. ही एवढीशी गोष्ट चुकली की सगळी मेहनत वाया.

बीडिंग आणि काच

बिनचौकटीच्या दरवाज्यात काच वर सरकून रबरात घुसते तेव्हाच जागा बंद होते. बॅटरी बदलल्यावर काच आपली वरची हद्द विसरते आणि दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबते. पाणी तिथून येतं आणि दोष रबराला मिळतो. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवलं की ती हद्द पुन्हा शिकते. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते.

बीडिंगची परीक्षा कागदाने होते. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखा अडथळा लागला पाहिजे. जिथे पट्टी अलगद सुटते तिथे खूण करा. दुसरी परीक्षा टाल्कम पावडरची. रबरावर बोटाने पावडर लावा, दार लावून उघडा आणि समोरच्या पत्र्यावर उमटलेली रेघ बघा. रेघ तुटली तिथे रबर टेकत नाही. कापडी छपराच्या गाड्यांत पुढच्या खांबाच्या वरच्या कोपऱ्यात दोन-तीन रबरं एकत्र येतात. तो कोपरा वेगळा तपासा, तिथून येणारं पाणी नेमकं ड्रायव्हरच्या मांडीवर पडतं.

रबर धुऊन, सुकवून सिलिकॉन ग्रीस लावलं की ते बऱ्यापैकी जिवंत होतं. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, गाडीचं बीडिंग ज्या रबराचं असतं ते तेलाने फुगतं. बदलायचंच झालं तर त्याच मॉडेलचं घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मीटरवर मिळणारं बीडिंग हॅचबॅकला चालून जातं. इथे आकार जरा जाड झाला तरी काच बाहेर ढकलली जाते आणि हायवेवर वाऱ्याची शिट्टी ऐकत घरी यावं लागतं.

पुढची काच कधी बदलली असेल तर खांबाच्या आतल्या बाजूने उतरणाऱ्या ओलीकडे लक्ष ठेवा. काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटते आणि तो हवेतल्या ओलाव्यानेच पक्का होतो. त्यामुळे पावसाळ्यात काच बसत नाही हा गैरसमज आहे. पण चिकटवताना पत्रा आणि काच ठणठणीत कोरडी हवी. कडेला वरून बोट फिरवून केलेली मलमपट्टी टिकत नाही, काच काढून पुन्हा बसवणंच खरं, आणि ते काम घरी करायचं नाही. काच बसवल्यावर पहिला दिवस बाजूची काच थोडी खाली ठेवा, नाहीतर दार आपटल्यावर हवेचा दाब ओल्या गोंदावर येतो.

अजून एक जागा सांगतो, ती पुस्तिकेत सापडणार नाही: नंतर घातलेल्या वायरी. जोराचा हॉर्न, जादा दिवे, अँप्लिफायर, डॅशकॅम यांसाठी इंजिनकडच्या पत्र्यातलं रबरी बूच भोसकून वायर आत आणलेली असते. पाणी त्या वायरवरून चालत येतं. वायर आत शिरण्याआधी बाहेरच्या बाजूला खाली झोल देऊन बांधली की थेंब त्या झोलावरून खाली पडतो.

पाण्याची परीक्षा

एवढं करूनही गळत असेल तर मग पाणी मारून बघायचं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप नको, त्या दाबाने ठीक असलेली रबरंही गळतात आणि कापडी छपराची शिवण उसवते. सोसायटीत पाइप लावायला वॉचमन कुरकुरतो, म्हणून मला बागेची झारी सगळ्यात सोयीची वाटते. धार पावसासारखी, पाणी मोजकं, आणि नेमक्या जागी ओतता येतं.

आत वर्तमानपत्रं पसरा, ओल लगेच उमटते. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, डोकं डॅशबोर्डखाली. बाहेरच्याने सुरुवात खालून करायची: आधी उंबरा, मग दरवाज्याची कड, मग काचेचा तळ, मग छप्पर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. एका जागी पाच ते दहा मिनिटं, मग थोडं थांबायचं, मगच वर सरकायचं. घाई झाली की आधीच्या जागेचं पाणी पुढच्या जागेच्या नावावर जमा होतं.

पाण्याने सापडलं नाही तर हवा वापरा. सगळ्या काचा बंद, पंखा पूर्ण जोरात, हवा बाहेरून घेण्यावर. आता बाहेरून सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावा. आतली हवा जिथून निसटते तिथे बुडबुडे येतात. मागचे दिवे, डिकीवरचा तिसरा ब्रेकलाइट, अँटेनाचा पाया या जागा अशाच पकडल्या जातात. डिकीच्या आत बंपरमागे एक झापेची जाळी असते, तिथून हवा येणं ठीक आहे, ती हवा जायचीच वाट आहे.

मग सिलिकॉन कुठे?

जवळजवळ कुठेच नाही. साधं, व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं आणि त्यावर नंतर ना रंग धरत ना दुसरा गोंद. दिव्यांखाली नवं गॅस्केट किंवा ब्यूटाइल. पत्र्याचे सांधे उललेले असतील, विशेषतः अपघातातून उभ्या केलेल्या गाडीत, तर पॉलियुरेथेन सीम सीलर, तोही गंज घासून, प्राइमर मारून. कापडी छपराच्या शिवणीवर कापडासाठीच बनवलेलं वॉटरप्रूफिंग, कापड धुऊन पूर्ण सुकल्यावर. मागची काच कापडापासून सुटायला लागली असेल तर चांगल्या कुशनवाल्याकडे जा, फेव्हिक्विकने कापडाची कड कडक होऊन फाटते.

वाळवल्याशिवाय काम संपत नाही

गळती बंद झाली आणि फोम ओलाच राहिला, तर आठवड्याभरात बुरशी आणि वर्षभरात तळाला गंज. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत काचा उघड्या ठेवून काही वाळत नाही, उलट फोम आणखी ओला होतो.

सीट काढाव्या लागतील. बॅटरीची तार काढून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, मगच सीटखालचे पिवळे कनेक्टर सोडवा, ते एअरबॅग आणि बेल्टचे असतात. सीट बाहेर असताना चावी फिरवायची नाही, एअरबॅगचा दिवा पेटून बसतो आणि तो स्कॅनरशिवाय जात नाही. बोल्ट बऱ्याचदा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) किंवा बारा टोकांचे असतात. साधी ॲलन की घालून डोकं खराब करण्यापेक्षा योग्य सॉकेट आणा.

ओलं-सुकं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने फोम दाबून दाबून पाणी काढा. तळाला रबरी बुचं असतात, ती उघडून साठलेलं पाणी सोडा आणि काम झाल्यावर आठवणीने परत लावा. कार्पेट अख्खं निघत असेल तर घरी नेऊन एसीच्या ड्राय मोडमध्ये खोली बंद करून पंख्यासमोर उभं ठेवा. दुमडू नका, साच्यातलं कार्पेट घडी पडली की परत बसत नाही. घरचे दोन दिवस बोलतील, त्याला इलाज नाही. निघत नसेल तर खाली लाकडाचे ठोकळे घालून उचलून धरा, पंखा लावा आणि गाडीत छोटा डीह्युमिडिफायर ठेवून काचा बंद करा. सिलिका जेलच्या पुड्या नंतर राखायला चांगल्या. भिजलेला फोम त्यांच्याने वाळत नाही.

कार्पेट बाहेर असतानाच सीटचे रूळ, अर्थिंगचे बोल्ट आणि कनेक्टर बघून घ्या. हिरवट पूड दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश. बुरशीवर पातळ केलेलं व्हिनेगर चालतं, त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. फोम दाबून कोरडा लागला तरी एक दिवस वाट बघा आणि पुन्हा दाबा, आतली ओल वर यायला वेळ घेते.

वर्षाचं वेळापत्रक

हवामान खात्याने २०२० मध्ये तारखा बदलल्यापासून मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. नळ्यांचं काम मेअखेर करा, सोनमोहर झडून गेल्यावर. मार्चमध्ये करून ठेवलं तर मधल्या दोन महिन्यांत सगळं पुन्हा भरतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बाटलीभर पाणी प्रत्येक तोंडात ओतून खाली निघतंय का ते बघा, दहा मिनिटांचं काम आहे. कापडी छप्पर ओलं असताना दुमडून ठेवू नका. गाडी अंगभर कव्हर घालून उघड्यावर ठेवत असाल तर पावसाळ्यात ते कव्हर काढलेलंच बरं, ओल आत कोंडून राहते. पोडियमच्या स्लॅबमधून पांढरं चुन्याचं पाणी ठिबकत असेल तर सोसायटीकडे लेखी अर्ज देऊन जागा बदलून घ्या, ते डाग रंगात उतरतात. आणि गाडी धुणाऱ्या पोराला एवढंच सांगा की वायपरखालच्या जाळीवरची पानं फडक्याने आत ढकलू नकोस, हाताने उचल.